दोऱ्याने मोजलेले न्यूयॉर्क : बारा इंची पृथ्वीगोलाचे परीक्षण

२०२३ साली माझी भाची मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्कला गेली, तेव्हा आसनासमोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या मार्गाचा फोटो तिने नाशिकला आमच्या घरी पाठवला. त्या सपाट नकाशावरची रेघ मुंबईपासून सरळ पश्चिमेकडे जात नव्हती. ती कमानीसारखी उत्तरेला चढत जाऊन आइसलँडच्या आसपास पोचली होती आणि तिथून पुन्हा खाली अमेरिकेकडे उतरली होती. माझ्या आईने तो फोटो चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि विचारले, ‘‘अरे, सरळ रस्ता सोडून विमान एवढं वर कशाला नेलं? आणि मग आपली पोर नक्की किती लांब गेली म्हणायची?’’

प्रश्न दोन होते आणि दोन्ही बरोबर होते. दुसऱ्याचे उत्तर मोबाइलवर एका क्षणात मिळाले असते; पण पहिल्याचे उत्तर कळल्याशिवाय दुसऱ्या उत्तरातला आकडा आईच्या दृष्टीने नुसता आकडाच राहिला असता. म्हणून मी त्या आठवड्यात पृथ्वीगोल विकत घेतला. आता दोन वर्षांहून अधिक काळ तो आमच्या बैठकीच्या खोलीत आहे आणि जवळजवळ दर आठवड्याला वापरला जातो. दोन दूरच्या शहरांमधले हवाई अंतर घरच्या घरी समजून घेण्यासाठी हे साधन कितपत उपयोगी आहे, एवढ्याच एका कसोटीवर हे परीक्षण लिहीत आहे.

मेन रोडच्या मागच्या गल्लीत शालेय साहित्याचे एक जुने दुकान आहे. नकाशे, प्रयोगशाळेतील काचसामान आणि शाळांना लागणारे तक्ते तिथे वर्षानुवर्षे मिळतात. दुकानदारांनी मला आठ इंची आणि बारा इंची असे दोन गोल काढून दाखवले. आठ इंची गोल साडेसहाशे रुपयांना होता आणि बारा इंची एकोणीसशेला. घरात ठेवायला लहान गोल सोयीचा होता, पण खिशातली पट्टी लावून पाहिल्यावर निर्णय सोपा झाला. आठ इंची गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सव्वासहाशे किलोमीटरहून अधिक अंतर होते आणि बारा इंची गोलावर सुमारे ४२० किलोमीटर. दोरा ठेवताना हात एक मिलिमीटर जरी सरकला, तरी लहान गोलावर साठ किलोमीटरची चूक होते, मोठ्यावर बेचाळीसची. शोभेसाठी घ्यायचा असेल तर लहान गोल चालेल. मोजण्यासाठी घ्यायचा असेल तर बारा इंचांच्या खाली जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोल प्लॅस्टिकचा आहे, त्यावर छापील कागदाच्या बारा पाकळ्या चिकटवलेल्या आहेत आणि वरून चकचकीत थर दिलेला आहे. बैठक धातूची आणि चांगली जड आहे. आस नियमाप्रमाणे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि एका बाजूने अंशांच्या खुणा असलेली अर्धवर्तुळाकार कमान आहे. दक्षिण प्रशांत महासागराच्या मोकळ्या निळ्या जागेत प्रमाण छापले आहे, १ सेंटीमीटर म्हणजे ४२० किलोमीटर. छापलेल्या प्रमाणावर विश्वास ठेवण्यापूर्वी मी शिवणकामाच्या टेपने विषुववृत्तावरून गोलाचा घेर मोजला. तो साडेपंच्याण्णव सेंटीमीटर भरला. पृथ्वीचा सरासरी घेर सुमारे ४०,०३० किलोमीटर धरला, तर एका सेंटीमीटरला ४१९ किलोमीटर येतात. छापील प्रमाण खरे ठरले, याचे मला समाधान वाटले, कारण पुढचे सगळे मोजमाप याच एका गोष्टीवर उभे राहते.

आता मुख्य प्रयोगाकडे येतो. दोरा कोणता घ्यावा, हे आधी सांगितले पाहिजे. लोकर आणि इलॅस्टिक ताणले की लांबतात, म्हणून ती घेऊ नयेत. मी आईच्या रिळातला जाड सुती दोरा घेतला. त्याचे एक टोक आईने मुंबईच्या ठिपक्यावर नखाने दाबून धरले आणि दुसरे टोक मी न्यूयॉर्कवर नेले. सुरुवातीला आम्ही दोरा मुद्दाम फोटोतल्या नकाशावर जिकडून ‘सरळ’ वाटला असता तिकडून ठेवला: अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक. मग मी हळूहळू दोरा ताणू लागलो. जसजसा तो ताणला गेला, तसतसा तो आपण होऊन गोलावरून उत्तरेकडे घसरत गेला आणि एका जागी येऊन स्थिर झाला. तिथे तो पूर्ण ताठ होता, त्याहून आखूड होणे त्याला शक्य नव्हते. आईने त्या दोऱ्याच्या बाजूने बोट फिरवले आणि मी गावे वाचत गेलो.

दोरा मुंबईहून निघून कच्छच्या रणावरून सिंधमध्ये शिरतो. पुढे अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि पश्चिम कझाकस्तान ओलांडून तो रशियात जातो, मॉस्कोच्या आग्नेयेकडून येऊन सेंट पीटर्सबर्गच्या जवळून सरकतो, फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधल्या बॉथनियाच्या आखातावरून नॉर्वे गाठतो. ग्रिनिचची रेखावृत्तरेषा तो साडेचौसष्ट अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे लंडनच्या कितीतरी उत्तरेला, नॉर्वेजियन समुद्रावर छेदतो. मग येतो आइसलँडचा दक्षिण भाग, त्यानंतर ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ स्पर्श करून तो लॅब्राडोरवर उतरतो आणि तिथून न्यूयॉर्क. भाचीने पाठवलेल्या फोटोतली कमान तीच होती, फक्त गोलावर ती कमान नव्हती. ‘‘म्हणजे हाच सरळ रस्ता होता,’’ आई म्हणाली. एवढे एक वाक्य ऐकायला मिळाले, तेव्हाच एकोणीसशे रुपये वसूल झाले होते.

या वाटेला भूगोलाच्या पुस्तकांत बृहद्वृत्त म्हणतात. गोलाचे बरोबर दोन समान भाग करणारे कोणतेही वर्तुळ हे बृहद्वृत्त असते आणि गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर नेहमी त्याच वर्तुळावरून जाते. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, इतर अक्षवृत्ते मात्र नाहीत. म्हणूनच दोन शहरे जवळपास एकाच अक्षांशावर असली, तरी त्यांच्यातला जवळचा मार्ग त्या अक्षवृत्ताला धरून जात नाही, तर ध्रुवाच्या बाजूला झुकतो. नाशिक आणि न्यूयॉर्क यांच्या बाबतीत तर गोलावर एक सुंदर गोष्ट दिसते. नाशिक ग्रिनिचच्या पूर्वेला सुमारे ७३.८ अंशांवर आहे आणि न्यूयॉर्क पश्चिमेला सुमारे ७४ अंशांवर. ग्रिनिचच्या दोन बाजूंना ही दोन शहरे जणू तराजूच्या दोन पारड्यांसारखी आहेत. फरक फक्त अक्षांशांचा, आपले वीस आणि त्यांचे जवळजवळ एक्केचाळीस.

दोऱ्यावर पेनाने खुणा करून मी तो शाळेच्या तीस सेंटीमीटरच्या पट्टीवर ठेवला. पहिल्यांदा २९.८ सेंटीमीटर आले, दुसऱ्यांदा २९.६ आणि तिसऱ्यांदा २९.९. सरासरीला ४२० ने गुणले की १२,५०२ किलोमीटर होतात. मग आकडेमोड केली. मुंबई विमानतळाचे अक्षांश-रेखांश १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचे ४०.६४ उत्तर आणि ७३.७८ पश्चिम. गोलीय त्रिकोणमितीच्या कोज्येच्या सूत्राने या दोन बिंदूंमधला पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन ११२.७ अंश येतो आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून अंतर येते सुमारे १२,५३० किलोमीटर. शिवणाच्या दोऱ्याने आणि शाळेच्या पट्टीने काढलेल्या उत्तरात तीस किलोमीटरचाही फरक पडला नाही. इंटरनेटवर ‘ग्रेट सर्कल मॅपर’ ही सेवा आहे, तिच्यात विमानतळांची तीन-तीन सांकेतिक अक्षरे टाकली की बृहद्वृत्ताचा मार्ग आखून मिळतो; तिथेही आकडा साडेबारा हजारांच्या जरासा वरच येतो. सूत्रात पृथ्वी पूर्ण गोल मानलेली असते. प्रत्यक्षात विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाशी ६,३५७ किलोमीटर आहे, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणच्या उत्तरांत थोडासा फरक असणे स्वाभाविक आहे.

पट्टी हाताशी नसेल, तर गोलावरच मोजण्याची एक जुनी रीत आहे आणि ती मला अधिक आवडते. शहरांमधले अंतर दोऱ्यावर पकडायचे आणि तोच दोरा विषुववृत्तावर शून्य अंशापासून ताणून ठेवायचा. विषुववृत्तावर दर दहा अंशांना खूण असते. आमचा दोरा ११३ अंशांपर्यंत पोचला. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून ११३ गुणिले १११, उत्तर १२,५४३. यात गोलाचे प्रमाण माहीत असण्याचीही गरज नाही. गोल आठ इंची असो की दोन फुटी, पद्धत तीच राहते. शेजारच्या सातवीतल्या मुलाला मी हे दाखवले, तेव्हा अक्षांश-रेखांश कशासाठी शिकायचे हा त्याचा नेहमीचा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

सपाट नकाशावरची ‘सरळ’ रेघ किती महाग पडते, हेही मी काढून पाहिले. आपल्याला सवयीचा झालेला भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीने काढलेला असतो. त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ मारली आणि त्या रेघेने विमान नेले, तर ते सुमारे १४,२०० किलोमीटर उडेल, म्हणजे जवळपास सतराशे किलोमीटर जास्त. तो नकाशा दर्यावर्दी लोकांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज नेता यावे, हा त्याचा हेतू होता आणि त्या कामात तो चोख आहे. मात्र ध्रुवांकडे जाताना तो जमीन ताणत नेतो. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते आणि खरे पाहता आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट आहे. गोलावर दोन्ही शेजारीशेजारी नाहीत, पण हाताचा पंजा एकावर आणि मग दुसऱ्यावर ठेवून पाहिले की लगेच समजते. डोळ्यांना पृथ्वी सपाट का वाटते, याचे उत्तर आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’तील गोलाध्यायात देऊन ठेवले आहे: परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो आणि माणूस तर पृथ्वीच्या मानाने फारच लहान आहे. त्यांचे नाव ज्या पाटणशी जोडले जाते, ते चाळीसगावजवळचे गाव नाशिकपासून काही तासांच्या रस्त्यावर आहे. आपल्याच प्रदेशात इतक्या पूर्वी सांगितली गेलेली ही गोष्ट घराघरांतल्या सपाट नकाशांनी पुन्हा विसरायला लावावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता एक मर्यादा, जी गोलाची नसून दोऱ्याची आहे. दोरा भूमिती सांगतो. विमानाला वारे आणि सरहद्दी यांचाही हिशेब करावा लागतो. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर साडेबारा हजार किलोमीटरना चौदा तास लागायला हवेत. अमेरिकेकडे जाताना उंचावरचे पश्चिमी वारे समोरून येतात, म्हणून वेळ वाढतो आणि परतीच्या प्रवासात तेच वारे पाठीशी असल्याने तो कमी होतो. सरहद्दींचे म्हणाल, तर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, त्या आठवड्यात आईनेच गोल पुढे ओढला. सिंधवरून जाणारा दोरा आम्ही उचलला, मस्कतवर बोट ठेवून त्याला तिथे वळण दिले आणि पुन्हा न्यूयॉर्कपर्यंत ताणला. दोरा जेमतेम एक सेंटीमीटर वाढला, म्हणजे ४०० किलोमीटरच्या आसपास. बातम्या ऐकून तिला वाटले होते की मुंबईच्या विमानांना फार मोठा फेरा पडत असेल. वळण सुरुवातीलाच घेतले तर एकूण लांबी फारशी वाढत नाही, हे तिने स्वतःच्या बोटाखाली पाहिले.

जगातल्या सर्वांत लांब नियमित उड्डाणांपैकी सिंगापूर–न्यूयॉर्क हेही आम्ही मोजले. अंतर १५,३०० किलोमीटरहून थोडे अधिक, दोरा साडेछत्तीस सेंटीमीटर. गोलावर कोणत्याही दोन शहरांमधले अंतर अर्ध्या घेरापेक्षा, म्हणजे सुमारे ४८ सेंटीमीटरपेक्षा जास्त असूच शकत नाही, हे लक्षात घेतले की ते उड्डाण किती मोठे आहे याचा अंदाज येतो.

दोषांविषयीही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. मी घरी आणलेल्या पहिल्या गोलावर तीस अंश पूर्व रेखांशाजवळ दोन पाकळ्यांचा सांधा नीट जुळलेला नव्हता. फिनलंडच्या आखाताचा किनारा एका पाकळीवर जिथे संपत होता, त्याच्या दोन मिलिमीटर वर तो दुसऱ्या पाकळीवर सुरू होत होता. बघणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल, पण दोन मिलिमीटर म्हणजे चौऱ्याऐंशी किलोमीटर, आणि आमचा दोरा नेमका तिथूनच जात होता. तिसऱ्या दिवशी गोल घेऊन दुकानात गेलो. दुकानदारांनी वाद घातला नाही. त्यांनी आणखी तीन खोकी उघडली, प्रत्येक गोल फिरवून सांधे माझ्याबरोबर तपासले आणि त्यातला सर्वांत नीट जुळलेला मला दिला. ‘‘साहेब, सांधे बघून घेणारं गिऱ्हाईक कमी येतं,’’ एवढेच ते म्हणाले. ही सेवा मी पूर्ण गुणांची मानतो. गोल खरेदी करताना खोके तिथेच उघडावे, निरनिराळ्या सांध्यांवरून बोट फिरवावे आणि विषुववृत्ताची रेषा कुठे तुटते का ते पाहावे.

चकचकीत थरामुळे ट्यूबलाइटखाली अक्षरे वाचता येत नाहीत आणि दोराही निसटतो. मी दिवसा खिडकीजवळ बसून मोजतो. सर्व नावे इंग्रजीत आहेत. मराठी नावांचा एवढा मोठा गोल त्या दुकानात नव्हता आणि आईसारख्या वाचकांसाठी ही खरोखरीची उणीव आहे. नाशिकही त्यावर नाही. तक्रार करण्यासारखे यात काही नाही, कारण नाशिक ते मुंबई सरळ अंतर सुमारे १४० किलोमीटर, गोलावर ते साडेतीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही आणि मुंबईचे नाव लिहितानाच ती जागा संपते. आईच्या आग्रहावरून मी मुंबईच्या ईशान्येला टोकदार पेन्सिलीने एक ठिपका केला आहे.

सर्वांत मोठा दोष मात्र उत्तर ध्रुवावर आहे. तिथे चोवीस तासांचे आकडे असलेली प्लॅस्टिकची चकती बसवलेली आहे. तिचा व्यास आठ सेंटीमीटर असल्यामुळे ७५ अंशांच्या उत्तरेचा सगळा प्रदेश तिच्याखाली झाकला जातो. जुन्या काळी ही जागा रिकामी गेली तरी कोणाचे अडत नसेल, पण आज आशिया आणि अमेरिका यांच्यामधली काही विमाने तिकडूनही जातात. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे सॅनफ्रान्सिस्को–बेंगळुरू विमान केवळ महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणले होते. त्याचा मार्ग या गोलावर दाखवायचा, तर महत्त्वाचा भाग चकतीखाली जातो. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा सॅनफ्रान्सिस्कोत आहे. त्यांच्यासाठी मुंबईहून दोरा ताणला, तेव्हा तो सायबेरिया ओलांडून न्यू सायबेरियन बेटांच्या आसपास साडेशहात्तर अंशांपर्यंत चढला, चकतीच्या कडेवर अडखळला आणि गोलापासून उचलला गेला. असे मोजमाप विश्वासार्ह राहत नाही.

चकती एका स्क्रूवर बसवलेली आहे, हे दुकानदारांनी फोनवर सांगितले. स्क्रू काढून चकती बाजूला केली, तर खाली आर्क्टिकचा छापील नकाशा व्यवस्थित होता, रेखावृत्ते ध्रुवापर्यंत नेलेली. दोरा पुन्हा ताणला, तो ३२.२ सेंटीमीटर भरला, म्हणजे १३,५२४ किलोमीटर, आणि सूत्राने १३,५१० येतात. काकूंनी दोन्ही टोकांना गाठी मारून तो दोरा घरी नेला. चकती काढल्यापासून आस वरच्या बाजूला किंचित सैल झाला आहे, त्यामुळे गोल फिरवताना एक हात खालून धरावा लागतो. स्क्रूखाली रबराची पातळ वायसर घातल्यावर हा सैलपणा बराचसा गेला.